अपुऱ्या लेखाची राखण

दुसऱ्याचे विस्कटलेले अथवा अपुरे राहिलेले लेखन हाती घेणे ही मोठी जोखीम असते. आपल्याकडे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली, ती आजही आदर्श मानली जाते. कारण स्वतः एवढे थोर कवी असूनही त्यांनी मूळ ग्रंथात आपली ओवी मिसळली नाही, आणि इतरांनीही ती मिसळू नये असे बजावले. दुसऱ्याच्या शब्दाची राखण कशी करावी, ह्याचे हे एक माप आहे. ते पवित्र ग्रंथांपुरतेच आहे असे आम्हांस वाटत नाही. मध्य युरोपातील एका तरुण वार्ताहराच्या शेवटच्या लेखाला ते लावून पाहण्याचा येथे विचार आहे.

यान कुत्सियाक हा स्लोवाकियातील ‘आक्तुआलिती’ ह्या वृत्तसंकेतस्थळाचा वार्ताहर. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वेल्का माचा ह्या खेड्यातील राहत्या घरी त्याचा व त्याची वाग्दत्त वधू मार्टिना कुश्निरोवा हिचा गोळ्या घालून खून झाला. त्या वेळी तो इटलीतील कालाब्रिया प्रांतातून आलेल्या गुन्हेगारी घराण्यांवर लेख लिहीत होता. त्याचे पत्र धंदेवाईक होते. परंतु ह्या कामातले त्याचे सोबती नफ्यासाठी न चालणाऱ्या शोधसंस्थांतले होते. झेक केंद्राच्या पाव्ला होल्त्सोवा, इटलीच्या ‘इर्पी’ संस्थेतील वार्ताहर, आणि २००६ साली सारायेव्हो येथे पॉल राडू व ड्रू सुलिव्हन ह्यांनी स्थापन केलेली ओ.सी.सी.आर.पी. ही संस्था, असे ते जाळे होते. खुनानंतर आठवड्याच्या आत, २८ फेब्रुवारीला, तो अपुरा लेख अनेक ठिकाणी एकाच वेळी प्रसिद्ध झाला.

प्रथम मूळ लेखाविषयी. त्यात आवेश जवळजवळ नाही. कंपन्यांच्या नोंदी, जमिनींचे व्यवहार, युरोपीय संघाकडून शेतीसाठी मिळालेले अनुदान, इटलीतील न्यायालयांचे कागद, ह्यांची एकापुढे एक मांडणी करीत तो पूर्व स्लोवाकियातील शेतांपासून पंतप्रधानांच्या कचेरीपर्यंत पोहोचतो. तेथील दोन व्यक्तींचे एका इटालियन व्यापाऱ्याशी पूर्वी व्यावसायिक संबंध होते, हे दाखवितो. वाचताना तो रुक्ष वाटतो हे खरे. परंतु देवस्थानचा जमाखर्च महाजनांच्या सभेत वाचला जातो, तेव्हा वाचणाऱ्याने स्वर चढवावा अशी कोणाची अपेक्षा नसते. आकडा बरोबर असावा एवढीच असते. कुत्सियाकच्या गद्याचे सौंदर्य असेल तर ते ह्याच जातीचे आहे.

असा लेख एकट्याच्या हातून होणे कठीण. स्लोवाक दप्तर वाचणारा इटालियन न्यायालयात जाऊ शकत नाही, आणि कालाब्रियाची घराणी ओळखणाऱ्याला स्लोवाक सातबारा वाचता येत नाही. गुन्हा सीमा ओलांडतो आणि वृत्तपत्र मात्र सीमेशी थांबते. ही उणीव भरून काढण्यासाठीच अशा संस्था एकमेकींना आपले कागद देतात. त्याचा दुसरा लाभ त्या फेब्रुवारीत दिसला. लेखक मारला गेला, पण लेख मारता आला नाही; तो आधीच अनेकांच्या हाती होता. कचेरीतील त्या दोघांनी पदे सोडली, १९८९ नंतरचे सर्वांत मोठे मोर्चे निघाले, आणि १५ मार्चला पंतप्रधान रॉबर्ट फित्सो ह्यांचा राजीनामा स्वीकारला गेला.

येथपर्यंत सारे नाथांच्या मापात बसते. स्लोवाक वाचकापुढे लेख अपुरा म्हणूनच ठेवला गेला. परंतु त्याच मजकुरावर आधारलेल्या इंग्रजी लेखाचा मथळा पाहावा. त्यात मॉडेल, माफिया आणि मारेकरी हे तीन शब्द एका ओळीत बसविले आहेत. पहिल्या शब्दाने कचेरीतील बाईचा जुना व्यवसाय चव्हाट्यावर आणला, ज्याचा मूळ आरोपाशी काडीचा संबंध नाही. तिसऱ्या शब्दाने त्याहून मोठी चूक केली. इटालियन घराण्यांनीच खून केला, असे वाचकाच्या मनात भरविले.

पुढे काय झाले? मार्चच्या आरंभी पकडलेले इटालियन काही दिवसांत सुटले. खुनाचा तपास निराळ्याच दिशेने गेला. गोळ्या झाडणाऱ्याने २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. खून घडवून आणल्याबद्दल एका स्त्रीला २०२३ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ज्याच्याविषयी कुत्सियाक पूर्वी लिहीत असे, त्या एका स्लोवाक व्यापाऱ्यावर सूत्रधार असल्याचा आरोप आला; त्याला दोनदा निर्दोष ठरविले गेले, आणि २०२५ पर्यंत ते दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणजे तो मथळा ही उपरी ओवी होती. शोकाच्या भरात ती घातली गेली, हे समजण्यासारखे आहे. पण जो मनुष्य कागदावाचून शब्द लिहीत नसे, त्याच्या लेखावर कागद नसलेला शब्द चढविणे, ही त्याची राखण नव्हे.

ह्या चुकीची भरपाई त्याच मंडळींनी पुढे केली, असे आम्ही मानतो. २०१९ मध्ये खुनाच्या तपासाचे सुमारे सत्तर टेराबाइट दप्तर होल्त्सोवांच्या हाती आले. ते दडवून एकामागून एक खळबळ उडविणे सोपे होते. त्याऐवजी ब्रातिस्लावात कुत्सियाकच्याच नावाने निघालेल्या केंद्राच्या देखरेखीखाली एक बंदिस्त खोली उभारली गेली, आणि एरवी एकमेकांवर मात करू पाहणाऱ्या पत्रांचे वार्ताहर तेथे शेजारी बसून तेच कागद वाचू लागले. आरोपीने पाठविलेल्या संदेशांवरून न्यायखात्याच्या राज्यमंत्रीबाईंना त्याच वर्षी पद सोडावे लागले. येथे कोणी मथळ्यात उडी घेतली नाही. वाचनालय करावे तसे त्यांनी पुरावे ठेवले.

राहता राहिला बिदागीचा प्रश्न. कीर्तनकाराला कोण पोसतो, हे श्रोत्याने विचारावे. त्याने कथा खोटी ठरत नाही, पण कोणती कथा सांगितली गेली नाही ह्याचा अंदाज येतो. ओ.सी.सी.आर.पी.च्या उत्पन्नाचा मोठा भाग अमेरिकन सरकारकडून येत असे. २०२५ च्या जानेवारीत ती मदत थांबताच संस्थेला माणसे कमी करावी लागली. सत्तेचा हिशेब विचारणारी मंडळी एका सत्तेच्या हातावर इतकी अवलंबून असावी, हा त्यांचा दोष आहे; आणि वाचक आपल्या खिशातून त्यांना जगवीत नाहीत, हा आपणां वाचकांचा.

कुत्सियाकचा लेख मोठा ठरतो तो त्याच्या मृत्यूमुळे नव्हे. तो खुनाचे कारण नव्हता असे उद्या सिद्ध झाले, तरी त्यातील एकही नोंद कमी होत नाही. हुतात्म्याचे लेखन आपण हात जोडून बाजूला ठेवतो. हे लेखन मात्र पान उलटून, आकडा पडताळून वाचायचे आहे. त्याच्या सोबत्यांनी ते आपल्यापर्यंत आणले. त्यावरची उपरी ओवी ओळखून वगळणे, हे वाचकाचे काम.