प्रौढ अध्येत्यांचे द्वितीय भाषेतील ध्वनिग्रहण : एक चिकित्सा

द्वितीय भाषा शिकणाऱ्या प्रौढाचे उच्चार सदोष असल्यास त्याचा दोष सामान्यतः जिभेला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो ध्वनिभेद त्याच्या कानालाच जाणवत नसतो. या संदर्भातील प्रमुख उपपत्तींची मराठी भाषकाच्या इंग्रजी अध्ययनाच्या अंगाने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली भाषासंपादनाचा निर्णायक कालखंड यौवनारंभापर्यंत असतो, असे प्रतिपादन केले. वर्कर व टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगांत इंग्रजीभाषक घरांतील ६ ते ८ महिन्यांच्या बालकांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ यांतील भेद जाणवला. १० ते १२ महिन्यांच्या बहुतेक बालकांना तो जाणवला नाही. यावरून प्रौढाचा कान कायमचा बंद झाला, असे मानणे मात्र घाईचे ठरेल. लोगन, लाइव्हली व पिसोनी यांनी १९९१ मध्ये जपानीभाषक प्रौढांना अनेक वक्त्यांच्या आवाजांतून इंग्रजीतील ‘र’ व ‘ल’ ऐकवले, तेव्हा त्यांची भेद ओळखण्याची क्षमता वाढली. १९९३ च्या अभ्यासात एकाच आवाजावरील सरावाचा लाभ नव्या आवाजापर्यंत पोहोचला नाही.

कॅथरिन बेस्ट व जेम्स फ्लेगे यांच्या १९९५ च्या प्रारूपांनुसार परभाषेतील ध्वनी मातृभाषेच्या साच्यातून ऐकला जातो. इंग्रजीतील दंतमूलीय ध्वनी मराठी कान ‘ट’ म्हणून स्वीकारतो, याची साक्ष ‘टेबल’, ‘डॉक्टर’ हे शब्द देतात.

तथापि, या प्रारूपांच्या मूळ मांडणीत लिपीला मध्यवर्ती स्थान नाही, ही त्यांची मर्यादा होय. मराठी लेखनात ‘व्हॅन’ आणि ‘वॉर्ड’ असा भेद केला जातो. परंतु ‘केव्हा’, ‘जिव्हा’ यांतील ‘व्ह’मध्ये हकार आहे, इंग्रजी ‘व्हॅन’च्या आद्य ध्वनीत हकार नसून दात व ओठ यांमधील घर्षण आहे. त्यामुळे लिपी भेद दाखवते, पण कानाला चुकीची खूण शोधायला लावते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

सारांश, प्रौढाच्या ध्वनिग्रहणातील अडचण ही बौद्धिक उणीव नसून मातृभाषेवरील प्रभुत्वाचीच दुसरी बाजू आहे. म्हणून उच्चारांना गुण देण्यापूर्वी विविध वक्त्यांचे आवाज ऐकवून भेद ओळखण्याचा सराव देणे, हे अध्यापकाचे आद्य कर्तव्य ठरते.