व्हॅनची फोर-बाय-फोर आणि नागसेनाचा रथ

नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही. रथ हे सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव. फोर-बाय-फोर करून घेतलेल्या मोठ्या व्हॅनकडे बघताना आम्हाला हे उत्तर अपुरं वाटतं. अमेरिकेत फोर्डच्या ई-सिरीज व्हॅनचं पुढचं सस्पेन्शन काढून तिथे ताकद घेणारा अखंड अ‍ॅक्सल घालतात, गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस बसवतात, गाडी उचलतात. काम देखणं होतं, वाद नाही. भागही एकेक उत्तम. पण जुळणीला जबाबदार कोण?

चारही चाकांना ताकद मिळाली की चिखलातून चढता येतं. त्यानं थांबण्याचं बळ वाढत नाही. ब्रेक आधीही चारही चाकांना होतेच की! उलट गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो. सावळघाटातलं वळण, पाऊस, आत भरलेली माणसं... पेठकरांना आम्ही काय सांगावं!

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं. हौशी लोक याला जाच म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

पाड्यावरच्या बाळंतिणीला आणायला अशी गाडी लागते, हे मात्र खरं. पुण्याची फोर्स मोटर्स फोर-बाय-फोर गुरखा कारखान्यातूनच देते. तशी तपासलेली गाडी मागू या. आणि हो, पाड्यापर्यंतचा रस्ताही.