इंगल्स कुटुंबाची वंशावळ आणि स्थलांतराची कथा : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्थलांतरित कुटुंबांपैकी इंगल्स कुटुंबाइतके वाचकप्रिय कुटुंब क्वचितच आढळेल. लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७-१९५७) यांनी १९३२ ते १९४३ या काळात प्रसिद्ध केलेल्या आठ कादंबऱ्यांपैकी सात कादंबऱ्या या कुटुंबाच्या भटकंतीवर आधारलेल्या आहेत. त्यामुळे ही कादंबरीमाला कुटुंबाचा इतिहास म्हणूनच वाचली गेली. मराठी वाचकाला कुलवृत्तांत हा प्रकार परिचित आहे. मूळ पुरुष, शाखा, स्थलांतराची गावे आणि पिढ्यांची नोंद असे त्याचे स्वरूप असते. कुलवृत्तांताला अभिप्रेत असलेल्या या नोंदी कादंबरीमालेशेजारी ठेवल्या असता काय दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

वंशावळीचा तपशील :

या घराण्याचा अमेरिकेतील मूळ पुरुष एडमंड इंगल्स हा इंग्लंडमधील लिंकनशायर येथून येऊन १६२९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे स्थायिक झाला. लॉरा यांचे वडील चार्ल्स यांचा जन्म १८३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला. पुढे हे कुटुंब विस्कॉन्सिनमध्ये आले. तेथे १८६० मध्ये चार्ल्स यांचा विवाह कॅरोलाइन क्वायनर यांच्याशी झाला. चार्ल्स यांचे बंधू पीटर यांचा विवाह कॅरोलाइन यांची बहीण एलायझा हिच्याशी, तर बहीण पॉली हिचा विवाह कॅरोलाइन यांचे बंधू हेन्री यांच्याशी झाला होता. एकाच दोन घरांत झालेल्या या तीन सोयरिकी लक्षणीय आहेत. वस्ती विरळ असलेल्या सीमाप्रदेशात नातेवाईक हाच खरा आधार होता. कादंबऱ्यांत मात्र कुटुंब बहुधा एकटेच गाडीतून निघालेले दिसते.

चार्ल्स व कॅरोलाइन यांना पाच अपत्ये झाली : मेरी, लॉरा, कॅरी, फ्रेडी आणि ग्रेस. त्यांपैकी फ्रेडीचा जन्म नोव्हेंबर १८७५ मध्ये झाला व ऑगस्ट १८७६ मध्ये तो वारला.

कादंबरी आणि नोंदी यांतील अंतर :

कादंबरीमालेतील प्रवास सामान्यतः पश्चिमेकडे, पुढे पुढे जाणारा आहे. नोंदींतील मार्ग तसा नाही. विस्कॉन्सिनमधील पेपिनहून निघून कुटुंब १८६९ मध्ये कॅन्ससमध्ये आले, १८७१ मध्ये पेपिनला परतले, १८७४ मध्ये मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह येथे गेले, १८७६ मध्ये आयोवातील बर ओक येथे म्हणजे पूर्वेकडे वळले, १८७७ मध्ये पुन्हा वॉलनट ग्रोव्हला आले आणि १८७९ मध्ये डाकोटा टेरिटरीत पोहोचले. यांतील बर ओकचे पर्व कादंबऱ्यांतून पूर्णपणे वगळलेले आहे.

हे वगळणे आकस्मिक नाही. टोळधाडीने पीक नष्ट झाल्यामुळे शेत विकावे लागले होते. बर ओकला कुटुंबाने हॉटेलात काम केले आणि शेवटी घरमालकाचा तगादा चुकवून रात्रीच गाव सोडले. हा प्रसंग लॉरा यांच्या ‘पायोनिअर गर्ल’ या आत्मकथनात आहे. ते १९३० च्या सुमारास लिहिले गेले, परंतु २०१४ मध्ये प्रकाशित झाले. फ्रेडीचा मृत्यूही कादंबऱ्यांत नाही. ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ (१९३७) येथे संपते आणि ‘बाय द शोअर्स ऑफ सिल्व्हर लेक’ (१९३९) सुरू होते, तेव्हा मेरी अंध झालेली असते व ग्रेस घरात आलेली असते. मधल्या काळात एक मुलगा जन्मून गेला, याची खूण कोठेही उरत नाही. मृत्यू, कर्ज आणि माघार या तीन गोष्टी स्वावलंबनाच्या कथेला पेलवल्या नाहीत, असे यावरून म्हणता येते.

‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ (१९३५) मध्ये कॅरी तान्ही असताना प्रवासात सोबत आहे. प्रत्यक्षात तिचा जन्म ऑगस्ट १८७० मध्ये कॅन्ससमधील माँटगोमेरी परगण्यात झाला. लॉरा यांचे वय त्या वेळी दोन ते चार वर्षांचे होते. कादंबरीतील लॉरा मोठी आहे. अर्थात, कादंबरीकाराला हे स्वातंत्र्य आहे. तारखांच्या चुका काढणे हे समीक्षेचे काम नव्हे. वगळण्यामागील सूत्र शोधणे हे तिचे काम आहे.

वंशावळीचे मौन :

येथे वंशावळीचीही मर्यादा स्पष्ट होते. कॅरीचे जन्मस्थळ वंशावळ अचूक सांगते, पण ती भूमी कोणाची होती हे सांगत नाही. १८७० च्या जनगणनेत या कुटुंबाच्या नोंदीत जमिनीच्या किमतीचा रकाना रिकामा आहे. कारण ती जमीन ओसेज लोकांची राखीव भूमी होती आणि तेथे बसलेल्या वसाहतकारांना मालकी नव्हती. त्याच वर्षी झालेल्या कायद्यानुसार ओसेज लोकांना ती भूमी सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. कादंबरीत सैनिक वसाहतकारांना हाकलणार या शक्यतेमुळे कुटुंब निघते. वस्तुतः विस्कॉन्सिनमधील शेताच्या खरेदीदाराने पैसे देणे थांबवल्यामुळे तेथील जमीन परत घेण्यासाठी परतणे आवश्यक झाले होते. म्हणजे कुटुंबाला परत जाण्यासाठी एक जागा होती. ओसेज लोकांना ती नव्हती.

कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत एका वाक्यातून मूलनिवासी हे माणसांत मोडत नाहीत असा अर्थ निघत होता. वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ च्या आवृत्तीत तो शब्द बदलण्यात आला. २०१८ मध्ये अमेरिकन बालग्रंथालय संघटनेने वाइल्डर यांच्या नावाचा पुरस्कार नव्या नावाने देण्याचे ठरवले. शब्द अथवा नाव बदलल्याने प्रश्न मिटत नाही. कथेची रचनाच जमीन रिकामी असल्याच्या गृहीतावर उभी आहे.

निष्कर्ष :

१. वंशावळ कादंबरीने वगळलेला मृत्यू व माघार परत मिळवून देते; तथापि तीही निवडक दस्तऐवज आहे.

२. जमिनीच्या नोंदीशिवाय स्थलांतरित कुटुंबाची वंशावळ अपुरी राहते. कोण कोठे जन्मले, याबरोबरच तेथून कोण गेले, हे विचारणे आवश्यक ठरते.

३. चार्ल्स व कॅरोलाइन यांच्या अपत्यांपैकी केवळ लॉरा यांना मुले झाली. त्यांचा मुलगा १८८९ मध्ये बालपणीच वारला, तर कन्या रोझ १९६८ मध्ये निपुत्रिक वारल्या. रोझ यांच्याबरोबर ही शाखा खुंटली. आज हे कुटुंब जिवंत आहे ते ग्रंथांत. म्हणूनच ग्रंथांनी काय सांगितले याइतकेच काय सांगितले नाही, हे वर्गात शिकवण्याची जबाबदारी अध्यापकांवर येते.