खोडणारं आणि लिहिणारं प्रथिन

युबिक्विटिन म्हणजे 'निकालात काढा' असा शेरा, ही समजूत बराच काळ होती. ७६ अमिनो आम्लांचं हे चिमुकलं प्रथिन. लायगेझ विकरं त्याची साखळी दुसऱ्या प्रथिनाला चिकटवतात आणि पेशीतला प्रोटिअसोम त्या प्रथिनाचे तुकडे करतो. या शोधाला २००४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी इन्ग्रिड वर्ट्झ, विश्वा दीक्षित आणि सहकाऱ्यांचा ए-२० या प्रथिनावरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. मी तो वाचतो ते त्यातल्या कथानकासाठी.

दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूचा संकेत पेशीपाशी पोचला की आत रिप-१ या प्रथिनावर युबिक्विटिनची साखळी चढते. ही साखळी युबिक्विटिनमधल्या ६३ क्रमांकाच्या लायसिन या अमिनो आम्लातून जोडलेली असते आणि तिचा अर्थ 'इथे जमा' एवढाच. पुढची विकरं गोळा होतात, एनएफ-कॅपा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं, दाहाची जनुकं चालू होतात. हीच साखळी ४८ क्रमांकाच्या लायसिनमधून जोडलेली असेल, तर रवानगी प्रोटिअसोमकडे.

निबंधातली खरी गंमत इथून सुरू होते. ए-२० च्या पुढच्या भागात ६३ ची साखळी काढून टाकणारं अंग आहे. मागच्या भागात सात झिंक फिंगर, म्हणजे जस्ताभोवती दुमडलेले छोटे भाग, आहेत आणि तो भाग लायगेझ म्हणून रिप-१ वर ४८ ची साखळी चढवतो. म्हणजे चालू फाइलवरचा शेरा खोडायचा आणि त्याच कागदावर 'निकाली' लिहायचं, दोन्ही कामं एकाच कारकुनाकडे! नुसतं खोडलं असतं, तर पुन्हा कुणीतरी शेरा मारलाच असता. रिप-१ च उरलं नाही की वाद मिटला. शिवाय ए-२० चं जनुक चालू करतं तेही एनएफ-कॅपा-बीच. दाह आपल्याला आवरणाऱ्याला स्वतःच बोलावून घेतो. ए-२० मुळातच नसलेल्या उंदरांची गत २००० साली दिसली होती: अनेक अवयवांत दाह, खंगणं, अकाली मरण.

इतकी घाटदार गोष्ट दिसली की मला जरा शंका येते. इथे ती अगदीच वावगी नव्हती. पुढे खोडणारं अंग किंवा लायगेझच्या कामाची चौथी झिंक फिंगर बिघडवलेले उंदीर तयार केले गेले. ते बऱ्यापैकी धडधाकट निघाले. चौथी आणि सातवी एकत्र बिघडवल्यावर मात्र पिल्लं ए-२० नसल्यासारखी दगावली. या दोन्ही फिंगरचं सामाईक काम म्हणजे युबिक्विटिनच्या साखळ्या नुसत्या धरून बसणं. खोडणं नाही, लिहिणं नाही, केवळ धरणं. २००४ च्या कथानकात या पात्राला प्रवेशच नाही. तरीही रिप-१ चा तो प्रसंग मला निबंधातला सर्वात देखणा वाटतो.

२०१६ मध्ये माणसांतलं चित्रही पुढे आलं. ए-२० च्या जनुकाची एक प्रत बिघडलेल्या कुटुंबांत लहान वयातच तोंडात व्रण, ताप, डोळ्यांचा दाह दिसला. दुसरी प्रत शाबूत होती. ती पुरली नाही.