शब्दाचे कुल आणि कल्पनेचे कुल : ‘एल्फ’विषयी काही विचार

उत्तर युरोपातील लोककथांत वावरणाऱ्या अतिमानुष योनींचा विचार करताना अभ्यासक बहुधा व्युत्पत्तीचा आधार घेतो. इंग्रजी ‘एल्फ’, प्राचीन इंग्रजी ‘अ‍ॅल्फ’ आणि प्राचीन नॉर्स ‘आल्फ्र’ हे शब्द एकाच जर्मानिक मूळ शब्दाचे वंशज होत, हे निर्विवाद आहे. याच पायावर याकोब ग्रिमने १८३५ साली जर्मन पुराणकथांविषयीच्या आपल्या ग्रंथात विखुरलेले अवशेष एकत्र जुळविले. त्या ग्रंथाचे ऋण मोठे आहे; तथापि शब्द एक, म्हणून श्रद्धाही एक, हे त्याच्या मांडणीमागील गृहीतक मान्य करता येत नाही.

आल्फांचे तेजस्वी व काळे असे दोन वर्ग स्नोरी स्तुर्लुसोन सांगतो. पण तो तेराव्या शतकातील ख्रिस्ती आइसलँडमध्ये लिहीत होता. देवदूत आणि सैतान यांच्या कल्पनेची छाया या विभागणीवर पडली असावी, असा संशय अभ्यासकांनी व्यक्त केला आहे. ती विभागणी कित्येक शतके आधीच्या इंग्लंडवर लादणे म्हणजे कालविपर्यासच होय.

खुद्द प्राचीन इंग्रजीतील पुरावा एकमुखी नाही. ‘बेओवुल्फ’मध्ये अ‍ॅल्फ हे केनच्या संततीत राक्षसांच्या पंक्तीला बसतात, वैद्यकग्रंथांत कित्येक व्याधींना त्यांचे नाव लागते. उलट ‘जूडिथ’ काव्यातील नायिकेचे सौंदर्य अ‍ॅल्फांसारखे वर्णिलेले आहे. अ‍ॅलरिक हॉल यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात व्यक्तिनामांकडे लक्ष वेधले, हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होय. ‘आल्फ्रेड’सारख्या नामांत ‘अ‍ॅल्फ’ हे पद देववाचक पदाप्रमाणेच येते; राक्षसवाचक पदे मात्र नामांत येत नाहीत. यावरून अ‍ॅल्फ हे मूळचे राक्षसांहून भिन्न, मानवसदृश व सामर्थ्यवान मानले जात, असे अनुमान निघते. ‘बेओवुल्फ’मधील पंक्ती ही नंतरच्या ख्रिस्ती पुनर्वर्गीकरणाची खूण ठरते.

हे अनुमान आम्हांस ग्राह्य वाटते. मात्र एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. नाम रूढ झाले की त्यातील पदांचा अर्थ क्षीण होतो. म्हणून नामांची साक्ष ती घडली त्या काळापुरतीच घ्यावी. आल्फ्रेड राजाच्या नवव्या शतकातील श्रद्धेचा तो पुरावा नव्हे.

मराठी वाचकाला येथे आणखी एक मोह पडतो. ‘फेअरी’ आणि ‘परी’ यांचे ध्वनिसाम्य कानास भुरळ घालते. परंतु पहिला शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधील दैववाचक शब्दाकडे जातो, तर दुसरा फारसीतून आपल्याकडे आला. त्याचे अवेस्तातील पूर्वरूप दुष्ट मायाविनीचे वाचक होते. फारसी काव्यात तीच लावण्यवती झाली. म्हणजे ध्वनिसाम्याने शब्दाचे नाते सिद्ध होत नाही, आणि नाते सिद्ध झाले तरी अर्थ सिद्ध होत नाही. तो त्या त्या काळच्या प्रयोगातूनच शोधावा लागतो. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते. त्याचे चरित्र सांगत नाही.