सोपं करताना काय राखायचं?

‘सोप्या पियानो’च्या पुस्तकांविषयी माझ्या मनात अढी होती. पनवेलच्या आमच्या घरात पियानो नाही, एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. चाळिशी उलटल्यावर मी शिकायला बसले, तेव्हा हाती आला तो शोपँचा सोपा केलेला वॉल्ट्झ. चाल तीच, पण डाव्या हाताला तीन मात्रांत मिळून एकच लांब सूर. चुका न करता वाजवला, तरी काहीतरी मेल्यासारखं वाटायचं.

वॉल्ट्झचा जीव डाव्या हातात असतो. पहिल्या मात्रेला खर्जातला सूर, पुढच्या दोन मात्रांना वर हलके स्वरसमूह. हा झोका काढून घेतला, की नाच संपतो आणि नुसती चाल उरते.

मत बदललं ते ब्राम्सच्या ओपस 39मुळे. 1865 साली त्याने हे सोळा वॉल्ट्झ रचले, ते एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायला. मग एकट्या वादकासाठी त्याने दोन आवृत्त्या केल्या, एक अवघड आणि एक सोपी. सोपी करण्याचं काम त्याने दुसऱ्या कुणावर ढकललं नाही.

त्यातला पंधरावा सगळ्यांच्या ओळखीचा. अवघड आवृत्तीत तो ए फ्लॅट मेजरमध्ये आहे, सोपीत ए मेजरमध्ये. गायकाने पट्टी बदलावी, तसं. सुरांची दाटी कमी होते, ते नुकसान खरंच आहे. पण झोका शाबूत राहतो.

आपल्याकडे नवशिक्याला भूप शिकवताना गुरुजी ताना गाळतात. सोपं जावं म्हणून मध्यम-निषाद घालत नाहीत. सोप्या आवृत्तीची परीक्षा मला इथेच दिसते. किती सूर गाळले, हे मोजण्यात अर्थ नाही. कोणते सूर गाळायचे नाहीत, हे करणाऱ्याला कळलं होतं का, ते पाहावं.

हल्ली भाची आली, की आम्ही तो पंधरावा दोघींनी वाजवतो. तिच्याकडे चाल, माझ्याकडे खालची बाजू. कोपरं आदळतात, खर्जातल्या पट्ट्या अपुऱ्या पडतात. परवा ती मध्येच थांबून म्हणाली, “आत्या, तू थांबलीस की माझं गाणं पडतं.” त्या शोपँच्या पुस्तकाबद्दल मला एवढंच म्हणायचं होतं.