लहान अक्षरांचा अपुरा इलाज

डेटाबेसमध्ये नाव शोधताना साठवलेले नाव आणि शोधायचे नाव, दोन्ही आधी लहान अक्षरांत बदलून घ्यावीत, असे संगणकाच्या वर्गात सर्रास शिकवले जाते. त्यासाठी एसक्यूएलमध्ये ‘लोअर’ हे फंक्शन आहे. हा सल्ला चुकीचा नाही. पण अपुरा आहे.

आस्की संकेतात मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, तर लहान ‘ए’चा ९७. हा ३२ चा फरक सर्व २६ अक्षरांत सारखाच असतो. त्यामुळे इंग्रजीत ‘पाटील’ हे आडनाव कुणी सगळ्या मोठ्या अक्षरांत लिहिले आणि कुणी केवळ पहिले अक्षर मोठे ठेवले, तर अनेक डेटाबेसांच्या लेखी ती दोन आडनावे ठरतात. ‘लोअर’मुळे ती एक होतात.

पहिला आक्षेप वेगाचा. समजा, एक लाख नावांची क्रमवार सूची आहे. दर वेळी निम्मी नावे वगळत गेल्यास सुमारे १७ तुलनांत नाव सापडते. पण ही सूची मूळ नावांची असते. शोधताना त्यांवर ‘लोअर’ लावले, की ती सहसा निरुपयोगी ठरते आणि एक लाख नावे तपासावी लागतात. पोस्टग्रेसक्यूएलसारख्या प्रणालीत बदललेल्या रूपाचीच सूची करता येते. हा उपाय मूळ सल्ल्याबरोबरच शिकवायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीतच. तेथे ‘लोअर’ काहीच करत नाही. मात्र एकच शब्द अनेक प्रकारे साठवला जाऊ शकतो. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ला नुक्ता जोडूनही. दिसायला दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र वेगळे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे दोन एक होतात. अर्ध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही हाच शब्द लिहिता येतो, तो प्रकार प्रमाणीकरणातूनही निसटतो. त्यासाठी वेगळा नियम करावा लागतो.

अशा वेळी संगणक चूक दाखवत नाही. ‘नोंद नाही’ एवढेच सांगतो. विद्यार्थ्याचे नाव यादीत असूनही तो नसल्याचे ठरते. म्हणून नाव मूळ रूपात जपावे आणि शोधासाठी त्याचे प्रमाणित रूप शेजारी ठेवावे. दोन शब्द ‘सारखे’ केव्हा मानायचे, हा प्रश्न आधी भाषेचा आहे, फंक्शनचा नंतर.